बज्जीची गाडी आणि आशयचा राग

देवनहळ्ळी,
रविवार, रात्री उशिरा

ती. माईस,

पद्याचा दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरच्या गोळ्या तू घेतेस की अजून तुळशीच्या कुंडीत पुरतेस, हे खरं खरं कळव. (सूनबाईंना विचारत नाही. त्या तुलाच सामील आहेत.) मी इथे ठणठणीत आहे. फोन केला असता, पण तू स्पीकर लावून फोन हातभर लांब धरतेस आणि माझी खुशाली निम्मी मिरज ऐकते. ही हकीकत आधी तू एकटीने वाचावीस, म्हणून कागद घेतला.

तुझी भावजय विद्या गेल्यापासून संध्याकाळी काय करतोस, असं तू दर वेळी विचारतेस आणि मी 'मजेत आहे' म्हणून विषय बदलतो. खरं सांगायचं तर संध्याकाळ सरतच नसे. टीव्ही मोठ्याने लावून ठेवायचा, म्हणजे घरात कुणी बोलतंय असं वाटतं. लेकाचं, आशयचं, एकच पालुपद, देवनहळ्ळीचं घर विका आणि बंगळुरात कोरमंगलाला माझ्याकडे या. त्याचा फ्लॅट उत्तम आहे, पण इतका उंच की गॅलरीतून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि ओळखीचीही तेवढीच होतात. मी टाळत होतो. अशात एक दिवस फिरायला गेलो असताना लेआउटच्या (इथे कॉलनीला लेआउट म्हणतात) बागेत मी कुत्र्याला मराठीतून हाकललं आणि मागून आवाज आला, "तुमी मराठी काय सार?"

या चंदनाबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, भावाची मुलं मोठी केली. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले ते इकडचेच झाले, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनमधून कन्नड येतं आणि रागावल्या की कन्नडात मधूनमधून मराठी. सगळं लेआउट त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणू लागलो. एकदा बोलता बोलता कच्च्या केळ्याच्या भज्यांवरून आमचं जुंपलं. मी म्हटलं, भजी म्हणजे बेसन, हळद, ओवा. त्या म्हणाल्या, ही बज्जी आहे, हिला तांदळाचं पीठ हवं, आणि तळल्यावर मधोमध चिरून आत कांदा, गाजराचा कीस, कोथिंबीर, तिखट भरून वर लिंबू पिळलं नाही तर ती अर्धीच झाली. वाद मिटेना. तेव्हा त्यांनीच तोडगा काढला: लेआउटच्या गेटसमोर रविवारचा बाजार भरतो, तिथे गाडी लावू, लोक ठरवतील. माई, जन्मभर विमानांचे सुटे भाग तपासलेला माणूस मी. मी हो म्हटलं.

तयारी मी कारखान्याच्या शिस्तीने केली, म्हणजे केळी फार आधी आणून ठेवली. उन्हाळ्याचे दिवस, वर मी ती पोत्याखाली झाकलेली. रविवारी पोतं काढलं तर सगळी पिवळीधमक. बदलायला वेळ नव्हता. त्यात पिठात तिखट मी घातलं आणि मी विसरलो असेन असं गृहीत धरून चंदनाबाईंनीही घातलं. गोड केळं आणि दुप्पट तिखट अशी ती वस्तू झाली. होसकोट्याहून लेकीकडे आलेले एक गृहस्थ डोळे पुसत पुसत म्हणाले, "सूपर सार, इन्नोंदु प्लेट," आणि आणखी एक प्लेट घेऊन गेले. 

पुढच्या रविवारी केळी हिरवी होती, तिखट एकदाच होतं आणि रांग लागली. (केळ्याच्या चिकाने माझे दोन शर्ट कामातून गेले, ते सोड.) त्याच गडबडीत मी वाकलो आणि वरच्या खिशातला फोन पिठात पडला. चंदनाबाईंनी तो केळ्याचा काप समजून दोन्ही बाजूंनी नीट घोळवला. कढईत सोडायच्या आधी त्याचं वजन त्यांच्या लक्षात आलं, नाहीतर त्या दिवशी काय विकलं गेलं असतं देव जाणे. फोन गेला तो गेलाच. इकडे आशय फोन करतोय, फोन बंद. शेजारी बेल वाजवतात, घराला कुलूप. बिचारा कॅब करून धापा टाकत आला. गेटपाशी गर्दी पाहून त्याच्या मनात नको ते आलं असणार. गर्दीत शिरला तर लोक म्हणाले, रांगेत या. तो रांगेत आला. आणि मी मान खाली घालून त्याला विचारलं, "किती प्लेट?"

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला पेन्शन पुरत नाही का?"

चंदनाबाईंनी त्याच्या हातात प्लेट दिली. "आधी खा मरी. मग रागाव." (मरी म्हणजे इकडचं 'बाळा'.) पोरगं भुकेलं होतं. त्याने दोनदा मागून घेतलं, पण राग सोडला नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, पुढच्या महिन्यात घर विकायचं, हे असले उद्योग बंद. आणि आला तसा गेला. मी म्हटलं, गाडी आवरू या अक्का. त्या कांदा चिरत राहिल्या. म्हणाल्या, "तो भ्याला होता सार, रागावला नव्हता. रांग अजून हाय." मग चिरणं थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि मला अक्का म्हणू नका."

मी पुढची बज्जी करपवली.

असो. घर विकणार नाही, एवढं मी आशयला नव्या फोनवरून सांगितलं आहे. तो सध्या फक्त 'हं' म्हणतो. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पद्माकर

ता. क. चांगला ओवा मिळाला तर पाठव. इकडच्याला वास नाही.

ता. क. आणखी एक. खरं कारण ओवा नाही. मी आणि चंदना लग्न करावं म्हणतो आहोत. विद्याचा फोटो आहे तिथेच राहील, हे चंदनानेच आधी सांगितलं. आशयला अजून माहीत नाही. तो जगात फक्त तुला भितो, तेव्हा तू त्याला सांगशील का? आणि या वयात हे शोभत नाही असं तुला वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही. मी ऐकेन.

ता. क. शेवटचा. वरचा ता. क. चंदनाने वाचला. म्हणाली, "बहिणीला पुढं करून पोराला सांगणार? सरी हाय हे?" बरोबर नाही, हे मलाही कळतं. तेव्हा उद्या सकाळी कोरमंगलाला जाऊन मीच त्याला सांगतो. आणि शोभत नसेल तर ऐकेन, असं जे लिहिलं ते खोडलेलं समज. विचारत नाही, बोलावतो आहे. लग्न नोंदणीनेच करायचं आहे, तू म्हणशील तो दिवस धरू. फक्त रविवार नको, रविवारी आम्हाला सवड नसते.