पक्षी एकच, कूलिंग पॅड दोन

मुठा, ता. मुळशी
अक्षयतृतीयेचा दुसरा दिवस

तीर्थरूप येसाजी दाजींस,

धनाजीचे दोन्ही हात (आत्ताच ग्रीस धुऊन काढलेले, कागदावर डाग दिसला तर तो शाईचा समजावा) जोडून नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असणार याची मला खात्री आहे, कारण नसती तर तुम्ही फोन करकरून सांगितलंच असतं. तुका आक्काचा डावा गुडघा कसा आहे? (डावाच ना? मागच्या खेपेला मी उजव्याची चौकशी केली तर माझी सख्खी बहीण असून जेवताना माझ्याशी बोलली नव्हती.) तिला म्हणावं, निरगुडीचा पाला वाफवून बांध. वाफवून, उकडून नव्हे. दोन्हींत फरक आहे आणि तो आमच्या घराण्यात माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही हसता आणि "बरं बरं" करून ठेवून देता. पत्र वाचताना तुम्ही कितीही हसलात तरी मला ऐकू येणार नाही आणि माझं वाक्य तुटणार नाही.

तर विषय असा. पाडव्याला तुम्ही भरल्या पंगतीत म्हणालात की पल्लवीचा लॅपटॉप सारखा बंद पडतोय, तिची कंपनी तर माणला आमच्या घराच्या गच्चीवरून दिसते, पोरीला आमच्या वरच्या खोलीत धाडून द्या. त्यावर मी म्हणालो (श्रीखंडाची वाटी खाली ठेवून म्हणालो, म्हणजे विचार करून म्हणालो) की या खोऱ्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारींचं वाइंडिंग ज्याच्या हातचं आहे, त्याच्या घरात एक वहीएवढी पेटी गार होत नाही म्हणून पोर घराबाहेर पडणार नाही. तुम्ही हसलात. आक्का पण हसली. कोशिंबीर वाढायला आलेली शुभांगी, माझी लग्नाची बायको, तीही हसली. म्हणून पुढचा सगळा वृत्तांत तपशिलाने देणं भाग आहे.

पल्लवीचं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं. (हे कसब तिने आईकडून घेतलं.) दुपार झाली की तिचा लॅपटॉप तापायचा, त्यातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा आणि ऐन मीटिंगमध्ये पडदा काळा. तिच्या साहेबांनी शेवटी सांगितलं, एक तर मशिनचं काय ते बघा नाहीतर रोज ऑफिसात येऊन बसा. आता मुठ्याहून रोज पिरंगुटला, तिथून गाडी बदलून हिंजवडीला म्हणजे निम्मा दिवस एसटीस्टँडवरच जायचा. म्हणजे खोली आली. म्हणजे तुम्ही जिंकलात. हे मला मंजूर नव्हतं. (काळजी मी पहिल्यापासून घेत होतो, हेही नोंदवतो. आमचं टेबल लोखंडी, ते उन्हानं तापतं. म्हणून पल्लवीला नोकरी लागली तेव्हा तुम्ही उभयतांनी जी काळी घोंगडी दिलीत, ती चौघडी करून मी स्वतःच्या हाताने लॅपटॉपखाली घातली. घोंगडी थंडीत ऊब देते आणि उन्हात गारवा, हे आपल्या धनगराच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.)

मग पल्लवी एकदा जेवताना म्हणाली, "आबा, कूलिंग पॅड मिळतो. तो घेऊन बघूया का?" मी हसलो. कूलिंग पॅड मला काय सांगते? खोऱ्यातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसांच्या पंख्यांचं वाइंडिंग मीच भरून देतो. मी लगेच पिरंगुटच्या गनीभाईंना फोन लावला. पॉलिहाऊस आणि पोल्ट्रीचं सामान विकणारा त्यांच्याइतका सचोटीचा माणूस दुसरा नाही, त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांची चूक धरू नये. मी म्हणालो, पल्लवीसाठी कूलिंग पॅड पाहिजे, उत्तमातला. त्यांच्याकडे टेम्पो भरणं चालू होतं, "पल्लवी" त्यांना ऐकू गेलं की नाही देव जाणे. ते म्हणाले, "देतो की. पक्षी किती हायेत?"

दाजी, इथे थोडं थांबून माझी बाजू समजून घ्या. पोल्ट्रीवाले कोंबड्यांना पक्षी म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण गनीभाईंची मुलगी मन्तशा गेल्या साली लग्न होऊन सासरी गेली, तेव्हापासून ते मधूनच शेर म्हणतात. मला वाटलं, मुलींबद्दलच बोलतायत. माझंही मन भरून आलं. मी म्हणालो, "पक्षी एकच आहे गनीभाई. पण सारखा माणला उडून जायचं म्हणतोय." त्यांनी टेम्पोवाल्याला जरा थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "एका पक्ष्यासाठी पॅड? लई जीव दिसतोय." मी म्हणालो, "जीव तर असणारच." ते म्हणाले, "मग पाच फुटी धाडतो. मापात कमी नको."

आणि टेम्पोतून उतरला तो पुठ्ठ्याचा पाच फूट उंच, दोन फूट रुंद, वीतभर जाडीचा, मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार पॅड. तोच, जो पोल्ट्रीच्या भिंतीत बसवतात, वरून पाणी सोडतात आणि समोरून पंखा हवा ओढतो. पल्लवीने पॅडकडे पाहिलं, मग टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शुभांगी म्हणाली, "आता लॅपटॉप ह्याच्यावर ठेवायचा का ह्याच्यात?"

परत पाठवता आला असता. पण मी आधीच सांगून बसलो होतो की येतोय तो उत्तमातला आहे. म्हणून मी शांतपणे समजावून सांगितलं की हाच मागवला होता. नुसती पेटी गार करणं म्हणजे वरवरचे उपचार; पेटी ज्या हवेत श्वास घेते ती हवाच गार केली पाहिजे, घाव मुळावर हवा. आणि एकदा बोलल्यावर करून दाखवणं आलं. खिडकीची चौकट काढली, पॅड बसवला (उभा, गुण्यात म्हणजे अगदी काटकोनात बसवला, वाकडा बसला तर पाणी एका अंगाने वाहतं, हे पॉलिहाऊसवाल्यांनाही सांगावं लागतं), वर छिद्रं पाडलेला पाइप, खाली पन्हळ, पन्हळीत बारकी मोटार आणि समोरच्या भिंतीत माझ्या हातचा पंखा. चालू केला तेव्हा खोलीत असा गारवा आला म्हणून सांगू, की माणसं चादर मागतील.

माणसं चादर मागू लागली, हीच पुढची अडचण. शेजारचे कोंडिबा काका दुपारचं जेवण झालं की "पोरीचं काम कसं चाललंय बघतो" म्हणून यायचे आणि पल्लवीच्या खुर्चीमागे पटका तोंडावर घेऊन आडवे व्हायचे. त्यांच्यामागून आमची दोन कोकरं. मीटिंगमध्ये तिच्या साहेबांना मागे झोपलेले काका दिसायचे आणि वर पाण्याचा खळखळाट ऐकू यायचा. त्यांनी विचारलं, पल्लवी, तू धबधब्यावर गेली आहेस का? रजा टाकायची होतीस ना. (मुळशीतल्या माणसाला उन्हाळ्यात धबधबा कुठे दिसतो हे त्यांना कोण सांगणार? साहेब नागपूरचे.) ती बिचारी "नाही सर, हा कूलिंग पॅड आहे" म्हणतेय तोवर पडदा काळा. खोली गार, काका गार, कोकरं गार, आणि लॅपटॉपच्या पोटावर भाकरी भाजेल अशी धग.

त्यानंतर मात्र मी विषय हातात घेतला. म्हणजे आधीही होता, पण आता बारकाईने घेतला. पल्लवीने फोनवर लॅपटॉपचे कूलिंग पॅड दाखवले. दाजी, त्या बाजारात किती लबाडी आहे याची तुम्हाला कल्पना नाही. एकाला सहा पंखे, पण एकेक बाटलीच्या बुचाएवढा. असले सहा पंखे म्हणजे सहा माणसांनी मिळून फुंकर मारल्यासारखं. एकाला निळे-तांबडे दिवे. दिवे लावून गार झालेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही, आणि पॅड म्हणजे काही लग्नाचा मांडव नव्हे. एक प्लॅस्टिकचा, प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवतं, बाद. शिवाय हे सगळे वीज घेतात ती लॅपटॉपमधूनच. म्हणजे ज्याला ताप आलाय त्यानेच उठून डॉक्टरला चहा करायचा.

आणि मुख्य गोष्ट कुणीच लिहीत नाही, की तुमचा लॅपटॉप हवा घेतो कुठून आणि सोडतो कुठून. पंखा एकीकडे आणि त्याचं नाक दुसरीकडे, असं झालं तर उपयोग काय? म्हणून मी उदबत्तीची परीक्षा घेतली. धूर खालून फिरवता यावा म्हणून लॅपटॉप दोन विटांवर ठेवला, उदबत्ती पेटवली आणि हळूहळू फिरवली. धूर पोटाखालून, डाव्या हाताच्या जाळीतून आत ओढला जातो आणि मागून बाहेर पडतो. पुठ्ठ्यावर माप घेतलं, नाकाच्या जागी गोल काढला. पुठ्ठा म्हणजे तुमच्या जुईलीच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेची पुढची बाजू कुठली ते नीट पाहून मागचीच वापरली आहे.

आता चमत्कार ऐका. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुभांगीने दोन्ही दिवस उदबत्ती लावली होती आणि तिची खात्री पटली होती की गुण उदबत्तीचा आहे. तिने लॅपटॉपला हळदकुंकूही वाहिलं (वरच्या बाजूला, जाळीत नव्हे, एवढं मी पाहिलं). पण मी असा भोळा विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. मी परीक्षा उलटी घेतली. उदबत्ती बंद केली, तरी लॅपटॉप गार. पाण्याचा पॅड बंद केला, कोंडिबा काका घामाघूम होऊन उठून गेले, तरी लॅपटॉप गार. मग विटा काढून लॅपटॉप पुन्हा पहिल्यासारखा घोंगडीवर ठेवला. पल्लवीची मीटिंग चालू झाली आणि थोड्याच वेळात पडदा काळा.

मी घोंगडीकडे पाहत उभा राहिलो. पल्लवी खाली बघून बोटाने घोंगडीची किनार सरळ करत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "व्हय आबा. पहिल्या दिवसापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज सकाळी घडी घालून नीट ठेवत होता. कसं बोलायचं?"

घोंगडीत गारवा असतोच, हे माझं मत कायम आहे. पण ती पांघरणाऱ्याला नाक वर असतं, लॅपटॉपला ते पोटाखाली आहे. चूक घोंगडीची नाही, लॅपटॉपच्या रचनेची आहे. आणि घोंगडी तुमची असल्यामुळे थोडी तुमचीही आहे, कारण इतक्या घट्ट विणीची द्यायचं काही कारण नव्हतं. पाऊस आत जात नाही ते ठीक, पण वारासुद्धा जाऊ नये?

असो. पॅड मी घेतलाच, कारण निवड अर्धी सोडणं माझ्या स्वभावात नाही. पत्रिकेचा पुठ्ठा घेऊन पिरंगुटला गेलो आणि लोखंडी जाळीचा, एकाच मोठ्या पंख्याचा, दिवे नसलेला पॅड घेतला. पंखा बरोबर नाकाखाली. आता लॅपटॉपचं पोट दुपारीसुद्धा मांजराच्या पोटाइतकंच कोमट असतं, साहेब खूश आहेत आणि पल्लवी घरात बसून काम करू शकते. तेव्हा पाडव्याच्या पंगतीत जे हसले त्यांनी हसू मागे घ्यावं, ही विनंती. विषय संपला.

आक्काच्या पायांना, दोन्ही गुडघ्यांसकट, नमस्कार.

तुमचा मेहुणा,
धनाजी

ता. क. विषय संपला असं वर लिहिलं खरं. नवा पॅड बसवला त्या संध्याकाळी पल्लवी म्हणाली, "आबा, आता तापत न्हाई. पण मला जायचंय." मी म्हणालो, आता कशाला? तर मलाच विचारते, वाइंडिंग कुणाकडून शिकलात? ही गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे, तरी मी तिला परत सांगितली: कुणाकडून नाही, पिरंगुटच्या दुकानाच्या दारात उभा राहून, मिस्त्रीच्या हातांकडे बघून. ती म्हणाली, "मग मलाबी हात बघायचेत. स्क्रीनवर नुसती तोंडं दिसत्यात." आयुष्यभर सांगत आलोय ती गोष्ट अशी माझ्यावरच उलटेल हे ठाऊक नव्हतं. तेव्हा ती वरची खोली अजून मोकळी असेल तर तुम्ही तिला बोलवा. आपण होऊन बोलवल्यासारखं बोलवा. आक्काच्या गुडघ्याचं निमित्त चालेल. (डावा.) आणि हसू नका.

ता. क. दुसरा. त्या खोलीच्या खिडकीचं माप ताबडतोब पाठवा. चौकटीच्या आतलं, टेपने. वितीने नको, तुमची वीत मोठी आहे. पाच फुटी पॅड इथून काढून मी स्वतः तिथे बसवून देणार आहे. पन्हळ आणि मोटार घेऊन येईन, घोंगडी ती स्वतः आणतेय. अंगावर घ्यायला.

ता. क. दाजी, हे शुभांगी लिहितेय, ह्यांनी पाकीट माझ्याकडं चिकटवायला दिलंय. वन्संना नमस्कार. पल्लवी म्हणतेय की आत्याच्या खोलीला खिडकीच न्हाई म्हणून कळवा. मी म्हणते माप पाठवा, पण थोडं चुकीचं पाठवा. म्हंजी ह्यांना पोरीकडं दोनदा यायला लागंल.