वन्संची लाखोली

४ सप्टेंबर
प्राजक्ताखाली पाय ठेवायला जागा नाही! पहाटेपासून दोघी वेचतोय. वन्सं पाटावर बसून, मी उकिडवी. हे गेल्यापासून घरात मी आणि ही माझी थोरली नणंद. चौदा वर्षं — आणि अजून बोलतोय एकमेकींशी!

वन्संनी चातुर्मासात बाळकृष्णाला लाखोली वाहायला घेतलीय. एक लाख फुलं, एकेक मोजून. संकल्प काय, विचारलं तर, "देवाला ठाऊक आहे, पुरे." त्यांच्यासमोरच मी लेकाला, अमोघला फोनवर सांगून बसले — लाखोली पुरी झाली की येते तुझ्याकडे कॅनडाला, कायमची. तेव्हा लाख फुलं केवढी लांब वाटली होती!

७ सप्टेंबर
मधुमालती उमलते पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. आपण असे रंग बदलले तर आमच्या निजामपुऱ्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

११ सप्टेंबर
वन्संच्या वहीत बासष्ट हजार. अडतीसच हजार उरली.

१२ सप्टेंबर
ऊन उतरताना चहा घेऊन पायरीवर बसले. सोनचाफ्याचा वास आला की मला काही सुचत नाही. अमोघ म्हणतो, "आई, इथे कुंडीत लाव ना काहीतरी." कुंडीत सोनचाफा! डोळ्यांसमोर येत राहिलं — मी त्याच्या खिडकीत बसलेय, बाहेर नुसतं बर्फ, आणि मला वाटतंय रात्रभर प्राजक्त सांडलाय. उठून वेचायला जातेय तर दारच सापडत नाही. किती वेळ अशी बसले होते कोण जाणे. चहा गार झाला.

१५ सप्टेंबर
आज पाप केलं. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. मोजायच्या ताटातली दोन मुठी फुलं उचलून गाऊनच्या खिशात घातली. तेवढीच लाखोली लांबेल. तेवढेच दिवस मी इथे.

१६ सप्टेंबर
आजही.

२३ सप्टेंबर
आता रोजच. शेजारच्या भक्तीबेननी कुंपणावरून विचारलं, यंदा प्राजक्त कमी का — "निरुबेन, आ वखते पारिजात ओछां केम?"
"झाड म्हातारं झालंय, माझ्यासारखं," वन्संच म्हणाल्या. मी जास्वंदीची पिवळी पानं खुडत राहिले. मान वर करायची लाज वाटली.

२९ सप्टेंबर
सापडले! धुवायच्या कपड्यांतला माझा गाऊन वन्संनी उलटा केला. खिशाला देठांचा केशरी डाग.
"किती दिवस चाललंय?"
"पंधरा."
"जायचं नाही तर पोराला तसं सांग. माझ्या देवाची फुलं कशाला चोरतेस?"
मला रडू कोसळलं. म्हटलं, तुम्हाला सोडून जाववत नाही हो. वन्सं डागावर साबण घासत राहिल्या.

३० सप्टेंबर
वन्संनी संकल्प सांगितला. "निरूनं मला सोडून जाऊ नये." मी अमोघला ते फोनवर बोलण्याआधीच त्यांनी केलेला! आणि घेतलेलं व्रत टाकता येत नाही. म्हणजे मी राहावं म्हणून वाहिलेलं प्रत्येक फूल माझं जाणं जवळ आणतंय, हे रोज माहीत होतं त्यांना. तरी एकही कमी मोजलं नाही.

अमोघला फोन केला. येत नाही, म्हटलं.