आमच्या सर्व्हेत नकार नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कोणावर हात उचलायचा नाही. लिहून ठेवलं म्हणजे पक्कं.
चंदगडहून गोव्यात आल्यापासून ज्या नोकऱ्या गेल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या चुकीने. खनिजाच्या ट्रकवर क्लीनर होतो, तर ड्रायव्हरचं तोंड माझ्या कोपराच्या वाटेत आलं. आता काम इज्जतीचं आहे. पल्लवी मॅडम बायोस्टॅटिस्टिक्सच्या प्रोफेसर. माणसं कशाने आजारी पडतात, कशाने मरतात, ते आकड्यांतून शोधून काढतात. या वेळी डिचोलीच्या खाणपट्ट्यात लोक कशाने जखमी होतात त्याचा सर्व्हे आहे. ट्रक, मशीन, पडझड, मारामारी. योगिता नर्स आहे, ती प्रश्न विचारणार. गोकुळदास जीप चालवणार. मी लोकांना दार उघडायला लावणार. नीट केलं तर पेडण्याच्या पुढच्या सर्व्हेत कायम.
आईला फोनवर सांगितलं, प्रोफेसरांचा असिस्टंट झालो. सातवी नापास आहे हे मॅडमना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

४ नोव्हेंबर
ट्रेनिंग. घरं कॉम्प्युटर निवडतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. निवडलेलं घर सोडून शेजारचं घ्यायचं नाही. लोकांनी नकार दिला की सगळा हिशोब वाकडा होतो. आरोग्य केंद्रात रोज किती जखमी येतात तो आकडाही मॅडमना मिळतो. शेवटी म्हणाल्या, नकार हा माझा सगळ्यात मोठा शत्रू.
शत्रू म्हटल्यावर मला जास्त समजावून सांगावं लागत नाही.

६ नोव्हेंबर. सुर्ला
पहिलंच घर विठ्ठल नावाच्या ट्रकवाल्याचं. म्हणाला, रातपाळी करून आलोय, झोपू दे, फूट इथून. मी त्याला विज्ञान समजावून सांगितलं. त्याने दार लोटलं. मी दारात पाय घातला. मग त्याचं डोकंही दारात आलं.
बसल्यावर मात्र चांगली उत्तरं दिली. योगिताने विचारलं, गेल्या महिन्यात मारामारीत जखम झाली का. माझ्याकडे बघत म्हणाला, गेल्या महिन्यात नाही. प्रामाणिक माणूस. नंतर टाके घालायला गेला.
हात उचलला नाही. दार मोजत नाही.

११ नोव्हेंबर. आमोणे
सुशीलाकाकी म्हणाली, मेल्या, माझ्या घरात कोण पडलं, कोण धडपडलं ते तुला कशाला. मी काकी काकी करत पायरी चढलो. तिने गरम पेजेचं भांडं माझ्यावर ओतलं. छाती भाजली. तरी बाईमाणूस म्हणून गप्प राहिलो. एवढा संयम मी स्वतःमध्ये कधी बघितला नव्हता.
पण तिचा मुलगा प्रथमेश हसला. त्याचं बोट हसण्यामुळे मोडलं, माझ्यामुळे नाही.
उद्यापासून अगदी शांत.

१४ नोव्हेंबर
शांत होतो. योगिताचे प्रश्न चालू असताना पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत आला. घरातली सगळी माणसं प्रश्न टाकून पाव घ्यायला बाहेर. असा अर्धवट इंटरव्ह्यू फुकट जातो, हे पोदेराला कळायला नको? भोंपू त्याच्या नाकावर मोडला. पावांची टोपली गटारात गेली. त्याचा भाऊ कोयता घेऊन धावला, त्याला मी सायकलीसकट कुंपणावर टाकला.
पोदेराचं घर आमच्या यादीत नव्हतं, त्यामुळे सर्व्हेवर परिणाम नाही.

२० नोव्हेंबर
मॅडम खूश. एकाही घराचा नकार नाही. म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं बघितलं नाही, करतोस तरी काय. म्हटलं, प्रेमाने बोलतो. गोकुळदासाला जोरात खोकला आला. नंतर जीपमागे नेऊन त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. खोकला थांबला.
पेडणे पक्कं. नवीन शर्ट शिवायला टाकला.

२ डिसेंबर
मॅडमनी नकाशा दाखवला. त्यावर लाल ठिपके. ट्रक आणि मशीनच्या जखमा नेहमीएवढ्याच, पण मारामारीच्या एकदम वाढल्यात. आधी सुर्ल्यात, मग आमोण्यात. जानेवारीत पणजीत त्यांचं भाषण आहे. कारण सापडलं नाही तर सगळं काम पाण्यात. मग पेडण्याचा सर्व्हे त्यांनाही नाही आणि मलाही नाही.
मी नीट बघितलं. म्हटलं, मॅडम, हे ठिपके आमच्या जीपच्या वाटेने चाललेत. कोणीतरी हरामखोर आमच्या मागावर आहे.
मॅडम खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यासारख्याकडून ही अपेक्षा नसणार.

३ डिसेंबर
जीपमागे लपून नजर ठेवली. एक इसम घराघरांत डोकावत होता, काहीतरी टिपून घेत होता. झाडाला दाबून विचारलं, लोकांना तूच मारतोस ना. म्हणाला, नाही. बराच वेळ नाहीच म्हणत होता. दोन दात पडल्यावर हो म्हणाला. केस सुटली.
संध्याकाळी कळलं, वीजमीटर बघणारा होता. नकाशावर आणखी एक ठिपका. त्या हरामखोराने माझ्या हातून पाडला.

५ डिसेंबर
मॅडमनी मला डिचोलीच्या खोलीवर बसवलं. पगार चालू, पण खोली सोडायची नाही. म्हणाल्या, काही दिवस बघू या काय होतं. माझ्या जिवाला धोका असणार. दार आतून लावून घेतलं.

१८ डिसेंबर
योगिता जेवणाचा डबा घेऊन आली. मारामारीच्या जखमा जवळजवळ बंद. त्या हरामखोराने माझा धसका घेतला, हे मी तिला सांगितलं. तिने डबा ठेवला. जाताना एवढंच सांगितलं की लोक आता नकार द्यायला लागलेत.
माझ्याशिवाय त्यांचं चालणार नाही. बोलावणं येईल.

९ जानेवारी, शुक्रवार. पणजी
नवीन शर्ट घातला. हॉलमध्ये मागे गोकुळदासाशेजारी बसलो. पडद्यावर मारामारीची रेघ डोंगरासारखी चढली, मग धाडकन पडली. मॅडम म्हणाल्या, कारण बाहेर नव्हतं, माझ्याच टीममध्ये होतं. चूक माझी, कारण नकार नाही म्हणून मी आनंदात राहिले. दोन्ही गावांचे आकडे त्यांनी सगळ्यांसमोर फेकून दिले. म्हणाल्या, एक घटक काढून टाकला आणि रेघ खाली आली.
टाळ्या पडल्या. माझी टाळी सगळ्यात मोठी. मग गोकुळदासाच्या कानात विचारलं, घटक कोण. म्हणाला, तू रे पात्रांव, दुसरा कोण.
भाषण संपल्यावर मॅडम स्वतः मागे आल्या. पेडण्याचं काम त्यांना मिळालंय, त्यात मी नाही. म्हटलं, मॅडम, महिनाभर मी कोणाला बोट लावलं नाही, ते पडद्यावर कुठे आलं नाही. शांतपणे म्हणाल्या, खोलीत एकटाच होतास, ते धरता येत नाही.
गळ्यातलं ओळखपत्र परत मागितलं. काढताना त्याची दोरी माझ्या कानात अडकली. मॅडमनीच सोडवली, हात लांब करून, चावऱ्या कुत्र्याची सोडवतात तशी.