धुऱ्यावरची कामिनी

मी, माणिकबाई खुशालराव वडस्कर, वय ७३, निवृत्त शिक्षिका, राहणार शेंदूरजनाघाट, माझ्यामागे काय कोणाला जावे ते खाली लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डॉक्टर मी स्वतः निवडला, मुलाने सुचवलेला नाही.

१. राहते घर मुलगा मनोज आणि मुलगी साधना यांना सारखे. मनोजने गेल्या दिवाळीला अंगण टेपने मोजले. कशाला विचारले तर म्हणाला, सहज. सहज कोणी टेप घेऊन फिरत नाही. म्हणून अट अशी की अंगणात फरशी किंवा गाडीची शेड होणार नाही.

२. बगिचातली झुडपे साधनेच्या देखरेखीखाली राहतील. ती मी उगाच लावलेली नाहीत, एकेकीची चौकशी केली आहे. कण्हेर उन्हाळा बिनपाण्याचा काढते, पण विषारी. शेजारी भाऊबंद असताना दारात विष नको, म्हणून काढली. जास्वंद लावली तर सकाळी पूजेसाठी गल्लीभराचे हात कुंपणातून आत येऊ लागले. बोगनवेल काटेरी म्हणून तिच्यावर भरवसा ठेवला, तर ती माझाच पदर धरायची. तगर तेवढी सरळ निघाली. तिला कोणी तोडू नये.

३. छाटणीचे सिकेटर, फावडे आणि पाण्याची झारी नात रागिणीला, म्हणजे साधनेच्या मुलीला. ती अकोल्याला शेतकी शिकते. सिकेटर उसने देऊ नये, परत येत नाही.

४. आता धुऱ्याबाबत, म्हणजे बांधाबाबत. माझा बगिचा आणि दीर पंजाबराव यांची संत्र्याची बाग यांच्यामध्ये माझी जी पट्टी आहे, तिच्यावर मी कामिनीचे कुंपण केले होते. भर मे महिन्यात हिरवी, दाट, फुलली की घरभर वास. २०१५ साली मी आठ दिवस अकोल्याला गेले आणि परत येते तर सगळी कामिनी बुंध्यापासून कापलेली. पंजाबरावांनी कापली, हे त्यांनी नाकारले नाही. कारणही सांगितले नाही.

धुरा सरकवायचा डाव आहे, असे मी धरले. सरकारी मोजणी आणली. धुरा बोटभरही हललेला नव्हता. मोजणीवाला त्यांच्याकडे चहा प्यायला होता, म्हणून मी तेही खरे मानले नाही. नऊ वर्षे त्यांच्याशी बोलले नाही. आधीच्या मसुद्यात याच कलमात, पंजाबरावांनी माझ्या मयताला येऊ नये, असे लिहिले होते.

या उन्हाळ्यात रागिणीने ते जुने बुंधे पाहिले. म्हणाली, "आजी, कामिनीवर सिल्ला नावाची कीड वाढते. संत्र्याले तीच मारते. पंजाबआबाची चाळीस झाडं गेली होती. कुंपण ठेवलं असतं तं बाग उरली नसती."

मग कारण का लपवले, हा संशय मला आलाच. रागिणी परस्पर त्यांना विचारून आली. ते म्हणाले होते, "वयनीनं हौसेनं लावली होती. तुह्या झाडानं माही बाग मेली, हे तिले कोन्या तोंडानं सांगू?"

खरे ते लिहिते. हौसेने नव्हे, पंजाबरावांना माझे अंगण दिसू नये म्हणून मी ती लावली होती. हे त्यांना बहुधा ठाऊक होते. मला लाज वाटते.

सबब ती पट्टी पंजाबरावांना. तिथे काय लावायचे ते त्यांनी ठरवावे, मात्र रागिणीला विचारून. मयताबाबतचे जुने वाक्य रद्द. त्यांनी यावे.

५. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तेवढे थांबणे मला परवडणार नाही, त्यांचेही वय एकोणसत्तर आहे. म्हणून याची एक प्रत आजच पंजाबरावांच्या घरी पाठवत आहे. नेणाऱ्याने पोच मागू नये. सही नको. ते स्वतः आले, तर तीच पोच समजावी.

साक्षीदार (दोघेही नात्यातले नाहीत, मुद्दाम):
१. सूर्यभान कुबडे — सही
२. धर्मपाल गवई — सही

लिहून देणार: माणिकबाई खुशालराव वडस्कर — सही
शेंदूरजनाघाट, १४ जून २०२४