सिसिलियासाठी चिठ्ठी

चंदीगड, सोमवार

ताई,

नमस्कार (धाकटा भाऊ म्हणून) आणि आशीर्वाद (फादर म्हणून, आधी काय घ्यायचं ते तू बघ). मी मजेत आहे. तू हृदयाचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललंस, असं तुझ्या लेकाने, निशांतने फोनवर सांगितलं. त्याबद्दल या पत्रात मी चकार शब्द काढणार नाही.

नव्या कादंबरीची गंमत ऐक. माझं अक्षर तुला माहीत आहे (बिशपसाहेब माझा रजेचा अर्ज मलाच वाचून दाखवायला लावतात). म्हणून टाइप करतात नलिनीताई. नवऱ्याच्या बदलीमुळे अकोल्याहून इथे आल्या, मराठी वाचायला मिळेल म्हणून हे काम मागून घेतलं. तर नायिका सिसिलिया, वसईची, महाहट्टी, ऑपरेशन नको म्हणणारी (कोणावरून सुचली ते विचारू नकोस). नवव्या प्रकरणात तिला धाप लागली आणि माझं पेन अडलं. नलिनीताईंना वाटलं, फादर हिला मारणार! बाईंनी सरळ चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकली: ‘सिसिलिया, हार्ट पेशंट.’ रविवारी मिस्सेत मी चिठ्ठ्या भरभर वाचतो, तशी हीही वाचली, आणि अख्खं चर्च माझ्या नायिकेसाठी गुडघ्यावर!

मिस्सा संपल्यावर झिरकपूरचे रिटायर्ड सुभेदार रक्त द्यायला बाही वर करून हजर. एक मल्याळी नर्स हॉस्पिटल कुठलं ते विचारू लागली. वेदीवरून वाचलेली बाई कागदावरची आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, ती ऑपरेशनला तयारच होत नाही. झालं! सगळे माझ्यावरच तुटून पडले. फादरजी, आप समझाते क्यों नहीं? मी पांढऱ्या झग्यात मान खाली घालून उभा, आणि खरं सांगतो ताई, मला रडूच आलं. सुभेदारांनी पाठीवर हात ठेवला आणि चहा पाजला.

तुझा,
धाकटा

ता. क. चकार शब्द काढणार नाही म्हणालो ते कादंबरीकार म्हणून. ऑपरेशन करून घे.

ता. क. २. आज सकाळच्या मिस्सेसाठी चिठ्ठीवर तुझं खरं नाव लिहिलं. सव्वीस वर्षं लोकांच्या आजाऱ्यांची नावं खणखणीत वाचतोय, तुझ्या नावाला आवाजच फुटेना. शेवटी सुभेदारांनी पुढे येऊन वाचलं. गुरुवारी पोचतोय. तू आत जा, मी बाहेर बाकावर बसतो. फक्त जाण्याआधी माझ्यासाठी प्रार्थना कर, मला फार भीती वाटते गं.