ताईला माहीत होतं

रविवार, संध्याकाळ

ताईचा राग येतोय. नाही, माझाच. पण ताईचा जास्त.

आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच सांगितलेलं, सगळ्यांना बोलवून घ्या. मी ताईला फोन केला दुपारी. मुद्दाम. आमचं भांडण चाललेलं ना तेव्हा! ती डोंबिवलीहून कोपरीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत आई गेलेली.

तीन वर्षं हे पोटात ठेवलं. आज ती माझ्याकडे मेथी निवडत बसलेली, तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. तिने मान वर न करताच म्हटलं, "माहीत आहे गं. नर्स त्याच दिवशी बोललेली."

त्याच दिवशी! आणि तरी ही दर रविवारी येत राहिली? माझ्या ऑपरेशनला पंधरा दिवस उशाशी बसली?

मी ओरडलेच, "मग भांडायचंस ना! शिव्या तरी घालायच्यास!"

"मनात रोज भांडायचे. वर्षभर. मग राग संपला, तू उरलीस."

त्याच दिवशी कळलेलं तिला. एवढं प्रेम माझ्याच घरात वावरत होतं, आणि मला कधी दिसलं नाही? संतापून मी आत आले, दार आपटलं. आता बाहेर जाऊन माफी मागायची, तर तिने ती कधीच देऊन टाकलेली.

तरी मागणार आहे. जाते.