मान्यतेसाठी सहा इंच

तीर्थरूप दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं मनातल्या मनात). मी शिवून पाठवलेला सदरा तुला ढगळ होतो, म्हणजे तू वाळत चालला आहेस, असं वहिनीने कळवलं. जिवाला घोर लागला. सगळ्या तपासण्या करून घे, हयगय नको.

इकडे माझ्या शिवणवर्गामागे सरकार हात धुऊन लागलं आहे. महिनाअखेर मान्यता मिळाली नाही तर वर्ग बंद. बावीस वर्षं शिकवतेय, पण बिनमान्यतेचा दाखला कारखानेवाले आता हातातही घेत नाहीत, आणि यंदाच्या बारा जणींची नोकरी त्यावर अडली आहे. मग मी पदर खोचला. अभ्यासक्रम लिहून काढला, आग विझवायचं नळकांडं टांगलं, दोन दारं हवीत म्हणून (खिडकी धरत नाहीत, विचारून पाहिलं) मागचं बुजवलेलं दार मोकळं केलं. शेवटी तपासनीस आले. खोली पंधरा फूट लांब हवी. त्यांची टेप अर्ध्यातच अडकली, तेव्हा मी तोऱ्यात माझी काढून दिली, वर्गाच्या पहिल्या दिवसापासूनची. खोली भरली साडेचौदा! माणूस सज्जन, "बाई, सोमवारी परत येतो, तेवढं काहीतरी करा," म्हणाला. मी काय हार मानणार? त्याच दुपारी टोकाच्या भिंतीला ठोकलेलं, लांबी खाणारं कपाट आम्ही तेरा जणींनी उखडलं. आता खोली ऐसपैस आहे, आणि मान्यता घेतल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. कपाट म्हणजे तू माझ्या लग्नात स्वतः करून दिलेलं, तेच. रागावू नकोस, फळ्या जपून ठेवल्या आहेत. सामानाला बंद कपाट हवंच, असं अर्जाच्या मागच्या पानावर लिहिलंय. ते पान मी आज उलटलं. रविवारी हत्यारं घेऊन ये.

ता. ता. क. कपाट जुन्याच जागी बसव. आज नवी टेप आणली. जुनी ताणून ताणून साठ इंचांमागे दोन इंच लांबली होती. खोली पहिल्यापासून पंधराच फूट होती. आमच्याकडे अंग आणि कापड दोन्ही त्याच टेपने मोजतो, म्हणून बावीस वर्षांत कुणाची तक्रार नाही. तुझं माप मात्र तू पत्राने कळवलं होतंस, तुझ्या सुतारी टेपचं. खोलीचं कळलं तेव्हा मला रडू आलं, तुझं लक्षात आलं तेव्हा हसू. तपासण्या राहू देत, दादा. येताना सदरा आण.